नागपूरजवळची गळ टाकण्याची सहल: पैसे नेमके कशाचे द्यावेत?

नागपूर समुद्रापासून कितीही दूर असले तरी पाण्याला पारखे नाही. शहराच्या पोटातच अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव आणि गांधीसागर हे तलाव आहेत, जिल्ह्यातून कन्हान, पेंच आणि वेणा या नद्या वाहतात, आणि पूर्वेला भंडाऱ्याच्या दिशेने निघाले की वैनगंगेच्या खोऱ्यातील मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची, रांगच लागते. या पाण्याच्या भरवशावर हौशी मासेमारांसाठी एका दिवसाच्या सहली अलीकडे निघू लागल्या आहेत. पहाटे शहरातून गाडीने न्यायचे, काठी, रीळ आणि आमिष हातात द्यायचे, दुपारी तलावाकाठी जेवू घालायचे आणि दिवेलागणीला परत आणून सोडायचे, असा त्यांचा साधारण साचा असतो. अशाच एका सहलीचा हा आढावा आहे. आयोजकांचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे येणाऱ्या उणिवा एकट्या त्यांच्याच असतील असे मला वाटत नाही. तलावाचे नाव लिहीत नाही, कारण ते लिहिले की पुढच्या रविवारी परवानगीविना गळ टाकणाऱ्यांची तिथे रीघ लागेल.

माणशी दोन हजार रुपयांत प्रवास, साहित्य, मार्गदर्शन, नाश्ता आणि जेवण, असा सौदा होता. माझे मत आधीच सांगून टाकतो. या रकमेत जे दाखवून विकले जाते ते साहित्यच सर्वांत सुमार निघाले, आणि जाहिरातीत ज्यांचा उल्लेखही नव्हता ते स्थानिक मच्छीमार संस्थेचे दोन ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार, आणि त्या संस्थेची परवानगी, एवढ्याच दोन गोष्टी खऱ्या अर्थाने पैसे मोजण्याजोग्या होत्या.

जाहिरातीबद्दल प्रथम. तिच्यावर दोन्ही हातांत मावणार नाही असा सोनेरी खवल्यांचा महाशीर छापलेला होता. महाशीर हा खडकाळ, वाहत्या, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्याचा मासा आहे. लोणावळ्याजवळ वाळवण तलावाकाठी टाटा पॉवरने अनेक वर्षे त्याची पैदास केली आणि तिथून त्याची पिल्ले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, ती तो दुर्मिळ होत चालला म्हणूनच. विदर्भातल्या गाळाच्या, संथ सिंचन तलावात हौशी माणसाच्या गळाला लागतात ते कतला, रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), तिलापिया आणि नशीब जोरावर असेल तर मरळ. हे मासे काही कमी प्रतीचे नाहीत, पाच किलोचा कतला गळाला लागला तर कोणाचेही मनगट भरून येते. मग न मिळणाऱ्या माशाचे चित्र छापून आलेल्या माणसाला आधीच निराश करून ठेवण्यात काय हशील आहे, हे मला समजले नाही.

साहित्याची तक्रार याहून गंभीर आहे. आम्हाला दिलेल्या काठ्या दहा फुटी, जाड आणि ताठ होत्या, रिळांवर अर्धा मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर होता आणि गळ होते ३/० मापाचे. हा सगळा सरंजाम मालवण किंवा रत्नागिरीच्या खडकांवर उभे राहून लाटांपलीकडे जड शिसे फेकणाऱ्यासाठी योग्य आहे. तलावात त्याचा उपयोग होत नाही, इतकेच नव्हे तर अपाय होतो. तिलापियाचे तोंड लहान असते, त्याला आठ किंवा दहा नंबरचा बारीक गळ लागतो. गळाच्या मापात नंबर वाढला की गळ लहान होतो आणि शून्य लावलेल्या मापांत आकडा वाढला की गळ मोठा होतो, ही साधी गोष्ट साहित्य वाटणाऱ्या तरुणाला सांगता आली नाही. रोहू आमिष गिळत नाही, ओठांनी चाचपतो आणि खटकले की सोडून देतो. ताठ काठीच्या टोकाला त्याची ही चाचपणी कळतच नाही. या तलावासाठी सात-आठ फुटांची लवचीक टोकाची काठी, ०.२५ ते ०.३० मिलिमीटरचा दोर आणि मध्यम आकाराचे रीळ एवढे पुरते, आणि ते स्वस्तही पडते. सहलीचा खर्च वाढवून साहित्याची उपयुक्तता घटवण्याचे हे कौशल्य विरळाच म्हणावे लागेल.

रिळाचा ड्रॅग तर कोणीच लावून दिला नव्हता. ड्रॅग म्हणजे रिळातील चकत्यांचा ब्रेक. मासा जोराने पळाला की दोर तुटण्याऐवजी ठरावीक ताणाला रीळ सुटत जाते आणि मासा दमतो. दोराच्या ताकदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा ताण पडल्यावर रीळ फिरू लागावे, असा तो बेताने लावायचा असतो. आमच्यातल्या बहुतेकांच्या रिळांचे ड्रॅग घट्ट आवळलेले होते, आणि शेजारच्या गृहस्थांचा बऱ्यापैकी मोठा मासा पहिल्याच हिसक्यात ओठ फाडून निसटला. तेव्हा काठावर बसलेल्या ढिवरांपैकी वयस्कर काका उठले आणि म्हणाले, “भाऊ, वढू नका, जाऊ द्या त्याले. थकला का आपसूक येते.” दिवसभरात मिळालेले पहिले खरे मार्गदर्शन हेच होते, आणि ते मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या माणसाकडून मिळाले नव्हते.

या काकांबद्दल सविस्तर लिहिलेच पाहिजे. त्यांनी आमच्या हातांतले प्लास्टिकचे भडक फ्लोट, म्हणजे मासा टोचला की हलून दाखवणारे तरंगते तुकडे, बाजूला ठेवायला लावले आणि ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याच्या आतल्या गराचे बोटभर तुकडे कापून दोराला बांधून दिले. हा तुकडा इतका हलका असतो की रोहूने आमिषाला नुसता ओठ लावला तरी तो थरथरतो. त्यानंतर त्यांनी प्रत्येकाच्या दोराची खोली वेगळी ठेवली. कतल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, तो पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म जीवांवर जगतो, म्हणून त्याच्यासाठी आमिष वरच्या थरात. रोहू मधल्या थरात चरतो, म्हणून त्याच्यासाठी दोर आणखी लांब. आणि मृगळ व सायप्रिनस तळाचा गाळ हुंगत फिरतात, म्हणून त्यांच्यासाठी आमिष थेट जमिनीवर टेकवलेले. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत एकाच तळ्यात हे मासे एकत्र वाढवण्याचे जे कारण दिलेले असते, की प्रत्येकाचे खाद्य वेगळ्या थरात असल्याने ते एकमेकांच्या आड येत नाहीत, तेच हे शास्त्र. फक्त काकांनी ते दोराच्या लांबीत सांगितले.

आमिषाचेही तसेच. आयोजकांनी आणलेल्या पाकिटातला परदेशी सुगंधी लगदा दुपारपर्यंत कोणत्याही माशाने विचारला नाही. काकांनी शेंगदाण्याची ढेप, तांदळाचा कोंडा, भाजून कुटलेली मेथी आणि थोडा गूळ कालवून त्याचे गोळे आमच्या समोरच्या पाण्यात आधी टाकले आणि मासे जमण्यासाठी बराच वेळ वाट पाहायला लावली. नागपुरातल्या जुन्या बंगाली कुटुंबांत गळ टाकण्याची हौस असणारे लोक असेच मसाले घालून चारा तयार करतात आणि त्याची कृती सहसा कोणाला सांगत नाहीत. काकांनी मात्र विचारताच सांगितली. एक सावधगिरीही त्यांनी आवर्जून सांगितली, ती इथे नोंदवतो: शेंगदाण्याची ढेप चालते, मोहाच्या बियांची ढेप पाण्यात कधीही टाकू नये. तिच्यात सॅपोनिन असते आणि ते माशांच्या कल्ल्यांवर व रक्तावर घाला घालते. नवीन बीज, म्हणजे माशांची पिल्ले, सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी मत्स्यपालक हीच ढेप वापरतात. आपल्या भागात मोह मुबलक असल्याने कोणी अजाणता हा प्रयोग करू शकतो.

वेळेच्या बाबतीत आयोजकांनी सर्वांना पहाटे साडेचारला उठवले होते, आणि हिवाळ्यात त्याला काही अर्थ नव्हता. थंडीत रोहू-कतल्यासारखे कार्प जातीचे मासे सुस्त असतात, पाण्याला ऊन लागून ते किंचित तापू लागले की मगच चरायला निघतात, त्यामुळे या दिवसांत सकाळी नऊनंतरची वेळ खरी. उन्हाळ्यात गणित उलटते. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी मासे खोल पाण्यात दबा धरून बसतात आणि भल्या पहाटे किंवा सूर्य कलल्यावरच काठाकडे येतात. ऋतू कोणताही असो, एकाच वेळी गाडी सोडणाऱ्या आयोजकाने हे वेळापत्रक माशांसाठी केलेले नसून ड्रायव्हरच्या सोयीसाठी केलेले असते, असे समजायला हरकत नाही.

आता परवानगीचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडे या सहलींना जाणारे बहुतेक लोक लक्षच देत नाहीत. तलावातला मासा बेवारस नसतो. रोहू, कतला आणि मृगळ हे नदीचे मासे आहेत. साचलेल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात या माशांना पियूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी मिळवण्यात यश मिळवले, म्हणून आज केंद्रांतून बीज तयार होते आणि तलावांत सोडता येते; त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे पाटबंधारे तलावांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने घेतात, पदरचे पैसे घालून बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्ले, विकत आणतात, ती तलावात सोडतात, राखण करतात आणि मग त्यांची वाढ होण्याची वाट पाहतात. अशा तलावात परवानगीविना गळ टाकणे म्हणजे कोणाच्या तरी उभ्या पिकातली कणसे मोडणे आहे, मग टाकणारा कितीही सुशिक्षित असो आणि त्याची काठी कितीही महाग असो.

या सहलीत ही बाजू मात्र चोख होती, आणि त्याचे श्रेय आयोजकांना दिलेच पाहिजे. संस्थेची लेखी परवानगी त्यांनी विचारताच दाखवली. जो मासा घरी न्यायचा तो संस्थेच्या काट्यावर तोलून तिच्या दराने विकत घ्यायचा, जो सोडायचा तो सोडायचा, आणि अर्धा किलोखालचा रोहू-कतला कोणत्याही परिस्थितीत परत पाण्यात, असा नियम होता. आमच्यातल्या एका गृहस्थांनी “आम्ही दोन हजार भरले आहेत, मग पुन्हा माशाचे पैसे कशाला?” असा वाद घातला. ते दोन हजार संस्थेला मिळालेले नाहीत, एवढे त्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवे होते. आयोजक मात्र त्या वेळी चहाची व्यवस्था पाहायला निघून गेले. परवानगीपोटी संस्थेला किती रक्कम दिली जाते, हे मी नंतर विचारले तेव्हा उत्तर मिळाले नाही. ते मिळायला हवे होते.

याच संदर्भात इतर काही सहलींच्या जाहिरातींबद्दल इशारा देणे भाग आहे. पेंचच्या नावाने मासेमारीची सहल विकली जात असेल, तर ती नेमकी कोणत्या पाण्यात आहे हे आधी विचारावे. पेंच नदीवरच्या तोतलाडोहचा जलाशय व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. मध्य प्रदेशच्या बाजूने विस्थापित झालेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना याच जलाशयात दिलेल्या मासेमारीच्या परवान्यांचा वाद १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या लोकांचा हक्क इतका तावून सुलाखून पाहिला गेला, तिथे हौशी पर्यटकाला मुभा असेल ही कल्पनाच चुकीची आहे. शहरातल्या तलावांबद्दल एवढेच की त्यांत सांडपाणी येते, अंबाझरीत जलपर्णी माजते, आणि अधूनमधून मासे मरून तरंगल्याच्या बातम्या येतात. त्यातला मासा धरून खाण्याचा सल्ला मी तरी कोणाला देणार नाही.

सुरक्षिततेत सहल नापास झाली. डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, तलावाच्या मधल्या भागात जाण्याची सोय होती, पण लाइफ जॅकेट मोजकी, तीही मोठ्या मापाची आणि दोन-तीन तुटक्या पट्ट्यांची. जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटून जो अनर्थ झाला, तो नागपूरकर विसरलेले नाहीत. त्यानंतरही कोणी “पाणी उथळच आहे” असे म्हणून माणसांना जॅकेटविना डोंग्यात बसवत असेल, तर त्याला व्यवसाय करण्याचा अधिकार नाही. मी डोंग्यात बसलो नाही, आणि माझ्यासोबत आणखी काही जणांनीही नकार दिला. काकांनी त्याचे अजिबात वाईट मानले नाही. उलट डोंगा हा जाळे टाकणाऱ्या एका-दोघांसाठी असतो, सहलीसाठी नाही, असे त्यांचेच मत पडले. शिवाय कार्बनच्या काठीतून वीज वाहते, त्यामुळे वरून विजेच्या तारा गेलेल्या जागी ती उभी धरू नये आणि आभाळ गडगडू लागताच खाली ठेवावी, ही सूचना प्रारंभीच द्यायला हवी होती, ती कोणी दिली नाही.

मासा सोडून देण्याचा गाजावाजा जाहिरातीत भरपूर होता, प्रत्यक्षात मासे तापलेल्या दगडावर ठेवून त्यांची छायाचित्रे काढली जात होती. कोरड्या हाताने किंवा कोरड्या दगडाने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचा रोगांपासूनचा बचाव असतो. कल्ल्यांत बोटे घालून उचललेला मासा पाण्यात सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी तो वाचेलच असे नाही. हात ओले करणे, झेलण्यासाठी बारीक विणीची जाळी ठेवणे, गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकणे आणि छायाचित्र पाण्यालगतच उरकणे, एवढे शिकवायला दहा मिनिटे लागतात. नागपुरात २००० सालापासून महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि मत्स्य विज्ञानाचे महाविद्यालयही आहे. तिथल्या एखाद्या पदवीधराला सहलीबरोबर नेले असते, तर मार्गदर्शन हा शब्द सार्थ ठरला असता. तुटलेला दोर काठावर तसाच टाकून देण्याबद्दल तर काकांनीच तंबी दिली. हिवाळ्यात या तलावांवर बदके आणि बगळे उतरतात, आणि नायलॉनमध्ये पाय अडकलेला पक्षी त्यांनी अनेकदा सोडवला आहे.

जेवण उत्तम होते. संस्थेच्या घरांतील बायकांनी रोह्याचा रस्सा आणि भंडाऱ्याकडचा भात केला होता, सोबत ज्वारीची भाकर. रस्सा तिखट असला तरी सावजी थाटाचा जाळ नव्हता, त्यामुळे ताज्या माशाची चव मसाल्याखाली गडप झाली नाही. रोह्याच्या मांसात बारीक दुफाटे काटे असतात, लहान मुलांना वाढताना पोटाकडचा भाग द्यावा. वाढणाऱ्या बाईंनी तो न सांगताच वेगळा काढून ठेवला होता. शाकाहारी मंडळींसाठी मात्र वांग्याची एकच भाजी होती. प्रसाधनगृहाची सोय जवळच्या शाळेत केली होती, ती स्वच्छ होती, पण तलावापासून बरेच चालावे लागते; वयस्कर माणसांनी हे लक्षात घ्यावे.

पावसाळ्यात या सहली बंद असतात असे आयोजकांनी सांगितले, आणि ते योग्यच आहे. त्या दिवसांत माशांच्या अंगात अंडी असतात, मरळीची जोडी आपल्या पिल्लांचा थवा राखत फिरत असते आणि समोर आलेल्या कोणत्याही वस्तूवर झडप घालते. अशा वेळी तिला धरणे अगदी सोपे असते आणि ती गेली की सगळी पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. काका त्या दिवसांत मरळीला हातही लावत नाहीत. जायचेच असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा.

निघताना मी आयोजकांना विचारले की स्वतःची काठी, रीळ आणि लाइफ जॅकेट घेऊन, स्वतःच्या वाहनाने आलो, आणि फक्त परवानगी, काकांचा दिवस आणि जेवण एवढ्याचेच पैसे दिले, तर किती होतील. त्यांनी जरा विचार करून नऊशे रुपये सांगितले. त्यातले काकांना किती मिळणार, हे मी तिथेच काकांसमोर विचारले आणि पाचशे असे कबूल करून घेतले. या दराने मी पुन्हा जाईन. दोन हजारांच्या सहलीची शिफारस, साहित्य आणि जॅकेट बदलेपर्यंत, करणार नाही.